ए साडेतीन

पुढचा दात तुटला की पुणेकराला पहिल्यांदा कळतं, आपल्या शहरात ‘स’ किती पेरून ठेवलेत ते. सारसबाग, स्वारगेट, सहकारनगर, सिंहगड रस्ता, सदाशिव, सोमवार. दाताच्या उडालेल्या कोपऱ्यातून हवा निसटते आणि प्रत्येक पत्त्यासोबत एक बारीक शिट्टी बाहेर पडते. मी रिक्षाला हात करून “सारसबाग” म्हणालो, तर रिक्षावाला म्हणाला, “थांबलोय ना काका, शिट्ट्या कशाला मारताय?” त्यानंतर मी कामं काढली ती कोथरूड, औंध, धनकवडी अशा निर्धोक भागांतच. मेहुणा सेनापती बापट रस्त्यावर राहतो. त्याच्याकडे जाणं बंद केलं. त्यासाठी कारण मी तसाही शोधत होतोच.

दात गेला तो तिळगुळापायी. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी आमचा पार्किंगवरून अबोला होता. संक्रांतीला ते स्वतः डबा घेऊन वर आले, गोड बोलायचं आवाहन केलं आणि एक वडी माझ्या हातावर ठेवली. पाक त्यांच्या घरात चुकला होता की साधला होता, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. मी वडी पुढच्या दातांनी तोडायला गेलो आणि कट्कन आवाज झाला. मला वाटलं, वडी तुटली. वडी अखंड होती.

हा दात तसा आधीपासूनच बदनाम. शाळेत असताना एस. पी. कॉलेजच्या मैदानावर सीझन बॉल त्याच्यावर येऊन आदळला होता. पुढे त्याचं रूट कॅनल झालं आणि हळूहळू तो करडा पडत गेला. लग्नाच्या अल्बममध्ये मी सगळीकडे ओठ मिटून उभा आहे. पाहुण्यांना वाटतं, मुलगा गंभीर दिसतोय. सासऱ्यांना वाटलं होतं, मुलाला मुलगी पसंत नाही. दातांच्या डॉक्टरांच्या हिशेबात या दाताचा नंबर एकवीस. वरच्या जबड्याची डावी बाजू म्हणून दोन आणि मधल्या रेषेपासून पहिला म्हणून एक. त्याच्या उजव्या शेजाऱ्याचा नंबर अकरा. मला हे कळल्यावर उगाच बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याला घरात ‘तो काळपट’ म्हणत होते, त्याला निदान अधिकृत क्रमांक होता.

पहिल्यांदा गेलो शनिवार पेठेत. दोराला धरून चढायचा लाकडी जिना, वर बाकडं, बाकड्यावर दिवाळी अंक. कोणत्या दिवाळीचे, हे विचारायचं नाही. डॉक्टरांनी आमच्या तीन पिढ्यांचे दात काढलेले आहेत, त्यामुळे आमच्या घराण्याविषयी त्यांना फारसा आदर नाही. त्यांनी आरसा घालून पाहिलं.

“कॅप.”

“डॉक्टर, व्हिनिअर नाही का चालणार?”

“कुणी सांगितलं?”

“वाचलं.”

“वाचू नका.”

मी गप्प बसलो, पण बायको बसली नाही. तिने फरक विचारला. डॉक्टर जरा नरमले. त्यांचा अनुभव असा, की आमच्या घरात ऐकून घेणारी तेवढी एकच. म्हणाले, “हे पहा, व्हिनिअर म्हणजे सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. दाताची फक्त पुढची बाजू अर्धा मिलिमीटरभर तासायची आणि तो वर चिकटवायचा. दात मूळचा धड असेल, नुसता रंग-रूप सुधारायचं असेल, तर ते छान. क्राउन म्हणजे कॅप. तिच्यासाठी दात चारही बाजूंनी दीडेक मिलिमीटर उतरवायचा, मधे खुंट ठेवायचा आणि त्यावर सगळीकडून झाकणारी टोपी बसवायची. दात कमकुवत असेल तर हीच. कॅप म्हणजे हेल्मेट समजा.”

इथे डॉक्टर फसले. पुण्यातल्या माणसाला एखादी गोष्ट पटवायची असेल तर तिला काहीही म्हणावं, हेल्मेट म्हणू नये. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा या शहरात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली होती. जे शहर स्वतःची कवटी झाकायला तयार नाही, ते एका करड्या दातावर टोपी चढवून घेईल? माझ्या मनात क्राउनबद्दल एकदम तात्त्विक विरोध उभा राहिला. “विचार करून सांगतो,” म्हणालो. डॉक्टर म्हणाले, “करा. तोंड मिटून करा.”

दुसरं मत घ्यायला आम्ही बाणेरला गेलो. तिथे बाकडं नव्हतं, सोफा होता. दिवाळी अंकांच्या जागी कॉफीचं मशीन होतं. आल्याबरोबर एक फॉर्म हातात दिला: ‘तुमच्या हास्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते दहा.’ बँकेत तीस-पस्तीस वर्षं काउंटरला काढलेल्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी बायकोकडे पाहिलं. तिने फॉर्म ओढून घेतला आणि दोन लिहिलं. मग माझे फोटो काढले: समोरून, बाजूने, ओठ दोन्हीकडून ताणून. माझ्या तोंडात इतकं काही असेल, याची मला कल्पना नव्हती. पाच मिनिटांत भिंतीवरच्या पडद्यावर माझाच चेहरा आला, फक्त दात दुसऱ्याचे. पांढरेशुभ्र, एकसारखे, ओळीने. टूथपेस्टच्या जाहिरातीत नातवाला उचलून घेणारे आजोबा असतात ना, तसा मी दिसत होतो. फक्त नातू नव्हता.

“आपण आठ व्हिनिअर करू सर,” तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पण तुटलाय एक.”

“एकच केला तर तो वेगळा दिसेल ना! मधला एकटा दात शेजाऱ्याशी जुळवणं सगळ्यात अवघड असतं. त्यापेक्षा आठही एकसारखे घेतले, की प्रश्नच मिटला.”

एक दिवा गेला म्हणून सगळ्या घराचं वायरिंग बदला, हा सल्ला मला आमच्या सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने पूर्वी दिलेला आहे. पण त्याने तो इतक्या गोड आवाजात दिला नव्हता. मग दर समजले. एका दाताचे पंधरा हजार, आठांचे एक लाख वीस हजार, हप्त्यांची सोय. टिकणार किती? साधारण दहा ते पंधरा वर्षं, नीट सांभाळले तर. नीट म्हणजे? पुढच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही, नखं खायची नाहीत, बाटलीचं झाकण उघडायचं नाही. मी घरी येऊन जुन्या सवयीने हिशेब मांडला. मूळ रक्कम भागिले वर्षं, भागिले मी वर्षाकाठी दात दिसतील असा किती वेळा हसतो ते. दर हास्याला जो आकडा आला, तो बायकोला दाखवला. ती मनापासून हसली. तिच्या दातांना काही खर्च नाही.

या दरम्यान मी डॉक्टरांचा सल्ला मोडून पुष्कळ वाचलं. व्हिनिअरची सुरुवात झाली ती म्हणे हॉलिवूडमध्ये, १९२८ च्या सुमारास. चार्ल्स पिंकस नावाचे कॅलिफोर्नियातले दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ पापुद्रे लावून द्यायचे. लावायचे कशाने, तर कवळी बसवायच्या पावडरीने. कॅमेरा सुरू आहे तोवर दात. जेवायच्या सुट्टीत ते काढून ठेवायचे. लहानग्या शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडत होते, पण पडद्यावर ते कोणाला पडलेले दिसले नाहीत, तेही याच पिंकसच्या कृपेने. मला ही मूळची पद्धत एकदम पटली. समारंभापुरते लावावेत, जेवणाच्या पंगतीत काढून रुमालात बांधावेत. दागिने आपण असेच वापरतो. पण पुढे लोकांना ते कायमचे हवे झाले आणि घोटाळा सुरू झाला.

ते कायमचे चिकटतात कसे, हे मात्र मला पुस्तकाने शिकवलं नाही. ते शिकवलं आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी. हे गृहस्थ आकुर्डीला पेंट शॉपमधून निवृत्त झाले. चेतकच्या पत्र्यावर रंग चढवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि आता जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पत्रा दिसते. माझा दात त्यांनी बाल्कनीत, उन्हाकडे तोंड करायला लावून, भिंग घेऊन पाहिला.

“रंग टिकत नाही असं लोक म्हणतात. रंग टिकतो. सरफेस प्रिपरेशन चुकतं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“पत्र्याला आम्ही आधी फॉस्फेटिंग करायचो. फॉस्फोरिक ॲसिड. त्याने पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो, मग प्रायमर धरतो. दाताला काय करणार?”

मी वाचलेलं सांगितलं. तो सगळा प्रकार फॉस्फोरिक ॲसिडचाच निघाला. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर या संशोधकाने, कारखान्यांत रंग चिकटावा म्हणून धातूला हे ॲसिड लावतात हे पाहून, तेच दाताच्या एनॅमलवर लावून बघितलं: पंचाऐंशी टक्के ॲसिड, तीस सेकंद. एनॅमलला बारीक बारीक छिद्रं पडली आणि त्यांत रेझिन जाऊन घट्ट बसलं. १९८० नंतर सिरॅमिकलाही आतून तसंच खरवडून चिकटवता यायला लागलं आणि आजचं व्हिनिअर जन्माला आलं. हे ऐकून शेजाऱ्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं घरचे ज्याला ‘कंपनीतलं काम’ म्हणून हिणवत होते, ते मुळात वैद्यकशास्त्र होतं.

“आणि जाडी किती म्हणालात? अर्धा मिलिमीटर? म्हणजे पाचशे मायक्रॉन! अहो, अख्ख्या स्कूटरवर आम्ही शंभराच्या आसपास मायक्रॉनमध्ये भागवायचो. तुम्हाला पाचपट माल मिळतोय. घ्या.”

“पण निघाला तर?”

“टेस्ट करायची. ब्लेडने बारीक चौकडी पाडायची, वर चिकटपट्टी लावायची आणि सर्रकन ओढायची. एकही चौकोन पट्टीबरोबर येता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी ते चिकटपट्टी घेऊन आलेच. आहे त्याच दातावर सरावासाठी करून बघू, म्हणाले. ब्लेड खिशात आहे की नाही, हे मी विचारलं नाही. दार लावून घेतलं.

आत्याचं मत मी विचारलंही नव्हतं. ते आपण होऊन फोनवर आलं. आत्याची पिढी माकड छाप काळ्या पावडरीवर वाढलेली. दात पांढरे असावेत म्हणून पैसे मोजायचे, हे तिला डोक्यावरचे केस काळे असावेत म्हणून यज्ञ करण्याइतकं अजब वाटतं. “बसवायचीच असेल तर सोन्याची बसव,” ती म्हणाली.

“आत्या, सोन्याचा भाव काय झालाय?”

“म्हणून तर सांगते. शेवटी तोंडात सोन्याचा कण ठेवावाच लागतो ना? त्या वेळी घरातले कपाटाच्या किल्ल्या शोधत बसतात. तुझ्या तोंडात आधीच असेल, तेवढीच सोय. घडणावळ विचारून घे मात्र.”

आत्याच्या बोलण्यात, एरवीप्रमाणेच, तथ्य होतं. दाढेवर सोन्याची कॅप हा दंतवैद्यकातला जुना आणि भरवशाचा इलाज. समोरच्या दाताला फार झिजवत नाही म्हणून तिचं आजही कौतुक होतं. पण एकवीस नंबरवर सोनं घालून मी सोसायटीच्या मीटिंगला गेलो असतो, तर मेंटेनन्स माझ्याकडूनच दुप्पट घेतला असता.

आमचा एक मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. तो दर डिसेंबरात येतो तो एक यादी घेऊनच: चितळ्यांची बाकरवडी, लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्या आणि दात. तिकडे एका क्राउनला हजार-दीड हजार डॉलर सहज पडतात आणि दंतविम्याची वर्षाची मर्यादा एक-दोन क्राउनमध्येच संपते. तेव्हा विमानाचं तिकीट काढून पुण्यात दाढ भरून घेणं त्याला परवडतं. या वेळी त्याने वर आठ व्हिनिअर बसवून घेतली होती. एका लग्नात भेटला. दात इतके पांढरे, की तो हसायचा थांबला तरी ते हसतच होते. मी म्हणालो, “वा! कळतसुद्धा नाहीत.” त्याचा चेहरा पडला. लाख-सव्वा लाख खर्चून कळत नाहीत म्हणजे काय? मग मी घाईने म्हणालो, “म्हणजे, एकदम कळतात!” तर आणखी पडला. जेवताना पाहिलं, तो बाकरवडी सुरीने कापून, तुकडा उचलून मागच्या दाढेवर ठेवत होता. ज्या बाकरवडीसाठी माणूस इतक्या लांबून येतो, तिची आणि पुढच्या दातांची गाठ आता पडायची नव्हती. त्याच लग्नात हत्तीच्या दातांची म्हण मला प्रत्येक टेबलावर ऐकायला मिळाली. ती मी इथे परत ऐकवत नाही.

गुंता सोडवला तो भाचीने. ती बीडीएसला आहे. ही मुलं पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात, मग डॉक्टरांच्या मागे लागून लोकांचे उपटलेले दात बाटलीत जमवतात, आणि शेवटी त्यांना नेमून दिलेल्या केसेस पुऱ्या करायच्या असल्या, की नातेवाइकांकडे ती ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने पूर्वी फक्त विमा एजंट बघत. लग्नाच्या हॉलमध्ये, आइस्क्रीमच्या काउंटरशेजारी, तिने मोबाइलचा टॉर्च लावून माझं तोंड उघडलं.

“मामा, तुझा एकवीस नॉन-व्हायटल आहे.”

“म्हणजे?”

“मेलाय. कधीच.”

आत्या जवळच होती. तिने पहिल्यांदा विचारलं, सोयर-सुतक असतं का. नाही म्हटल्यावर तिने आइस्क्रीम घेतलं.

भाचीने मला दोन वाक्यांत निकाल दिला. व्हिनिअर धरतं ते एनॅमलवर, आणि माझ्या तुटलेल्या बाजूला ते फारसं उरलेलंच नाही; शिवाय पातळ पापुद्र्याखालून मेलेल्या दाताचा करडा रंग डोकावणार. म्हणजे क्राउन. शनिवार पेठेतल्या डॉक्टरांनी एका शब्दात जे सांगितलं होतं, तेच. “मग तुझ्या कॉलेजातच करून टाक की, स्वस्तात होईल,” मी म्हणालो. “माझे पुढचे दात पुरे झालेत मामा. दाढ खराब असेल तर सांग,” ती म्हणाली आणि टॉर्च घेऊन मुलाकडच्यांच्या घोळक्यात शिरली.

आता कॅप कशाची, हा प्रश्न. धातूवर सिरॅमिक चढवलेली स्वस्त, पण काही वर्षांनी हिरडीपाशी काळसर रेघ दिसू शकते. दुसरी झिरकोनियाची, चिवट, आतून काळं न दिसणारी, पण महाग. डॉक्टरांनी झिरकोनिया म्हणताच बायकोने कान टवकारले. “झिरकोनिया म्हणजे ते अमेरिकन डायमंडवालंच ना?” डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, “हो, भावंडंच म्हणा. दोन्ही झिरकोनियम ऑक्साइडच.” झालं. बायको म्हणाली, “तुळशीबागेत कानातलं, गळ्यातलं, अंगठी असा अख्खा सेट मी सहाशेला घेतलाय. हा एक खडा नऊ हजारांना कसा?” डॉक्टरांच्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्यांच्याशी तुळशीबागेचा भाव लावून कोणी बोललं नसावं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि पाचशे कमी केले. तिने नुसतं “हं” केलं. तिला आणखी शंभर अपेक्षित होते.

मग रंग ठरवायचा कार्यक्रम. हा प्रकार मी जन्मात विसरणार नाही. डॉक्टरांनी खणातून एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीने सोळा दात, प्रत्येकाच्या पाठीवर अक्षर आणि आकडा. मूळची जर्मन कंपनीची, १९५६ पासून चालत आलेली पद्धत. ए म्हणजे तांबूस-तपकिरी छटा, बी पिवळसर, सी करडी, डी तांबूस-करडी. मला खिडकीपाशी उजेडात बसवलं. बायको राणी रंगाची साडी नेसून आली होती. साडीचा रंग दातावर पडतो, म्हणून बायकोला जिन्यात उभं केलं. आम्हा दोघांनाही हे आवडलं नाही. डॉक्टर एकेक दात माझ्या अकरा नंबरला लावून बघत होते. “ए टू... नाही. ए थ्री... नाही.” आकडा वाढत होता तसा माझा जीव खाली जात होता, कारण आकडा मोठा म्हणजे दात गडद. शेवटी ते थांबले.

“ए साडेतीन.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्या पट्टीवर खरंच तीन आणि चारच्या मधे साडेतीन आहे, आणि साडेतीन फक्त ए मध्येच आहे. जर्मन माणसाला हे कसं सुचलं असेल? साडेतीन मुहूर्त आपले, साडेतीन शक्तिपीठं आपली, पेशवाईतले साडेतीन शहाणे आपले, आणि त्यांतला अर्धा, म्हणजे नाना फडणवीस, तर थेट पुण्याचा. माझ्या दाताला याहून अस्सल स्थानिक रंग मिळाला नसता. जवळून पाहिलं तर तो अमृततुल्यच्या कपात तळाशी उरणाऱ्या चहाचा रंग होता.

“म्हणजे नवा दात पिवळा करायचा?” मी विचारलं.

“शेजाऱ्यासारखा करायचा. पांढरा केला तर लांबून ओळखू येईल.”

“पैसे देऊन पिवळा दात?”

“पांढऱ्याचेही तेवढेच पडतील. आणि हे पहा, अकरा नंबरवर एक उभी बारीक तडा-रेषा आहे, कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आहे आणि मुळाशी चहाचा डाग आहे. लॅबला फोटो पाठवतो. ते लोक ब्रशने सगळं काढून देतील.”

जिन्यातून आवाज आला, “डागाचे वेगळे घेणार का?”

इतकी वर्षं मी जो डाग फुकट मिळवला होता, तो आता पुण्यातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत एक कारागीर, डोळ्याला भिंग लावून, मुद्दाम काढणार होता. तो काढून भट्टीत भाजणार होता. माझ्या आयुष्याचं इतकं बारकाईने निरीक्षण आजवर कोणीच केलेलं नव्हतं.

प्रत्यक्ष कामाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. इंजेक्शनने ओठ बधिर झाला आणि संध्याकाळपर्यंत चहा हनुवटीवरून प्यायलो. माप घ्यायला गुलाबी लगदा तोंडात भरला. त्याला व्हॅनिलाचा वास होता, त्यामुळे गिळावासा वाटत होता आणि ओकारीही येत होती. कायमची कॅप येईपर्यंत एक तात्पुरती बसवून दिली आणि ‘या बाजूने चावू नका’ म्हणून बजावलं. मी मिसळ खायला गेलो. रस्सा ओरपताना तोंडात काहीतरी हललं आणि पुढच्या क्षणी तोंडात ते नव्हतं. मी चमच्याने फरसाण उपसायला लागलो. पोऱ्या आला. “काय शोधताय काका?” म्हटलं, “दात.” तो शांतपणे म्हणाला, “मटकी बाजूला करा, खाली बसतो.” यावरून मला दिसलं, की मी पहिलाच नव्हतो.

कायमची कॅप बसली तेव्हा डॉक्टरांनी निळा कागद दातांत धरायला लावला. “चावा. घासा. चावा. घासा.” मग आरसा दिला आणि उच्चार तपासायला ‘फिफ्टी फाइव्ह, सिक्स्टी सिक्स’ म्हणायला सांगितलं. मी ‘सहकारनगर, सारसबाग, सदाशिव’ म्हणून दाखवलं. शिट्टी गेली होती. आरशात दोन दात शेजारी शेजारी बसले होते, सारखेच पिवळे, सारखेच चिरलेले, सारखेच चहा प्यायलेले. त्या अनोळखी कारागिराला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि इथून खरा छळ सुरू झाला. कोणाला कळेना. मला तेच तर हवं होतं, पण इतकं? मी जिन्यात भेटेल त्याच्याकडे दात दाखवून हसायला लागलो. लोक घाबरून खिसे चाचपू लागले. दूधवाल्याने विचारलं, काका, लॉटरी लागली का? मेहुण्याकडेही मुद्दाम जाऊन आलो, सेनापती बापट रस्ता असं पूर्ण नाव घेत. त्याला वाटलं, पैसे मागायला आलोय. भरपूर पैसे टाकायचे आणि ते कोणाला दिसूही नयेत, ही गोष्ट पुण्याच्या हवेत फार दिवस सोसत नाही. शेवटी मी आपण होऊन वरच्या मजल्यावर गेलो. पेंट शॉपवाल्यांना रंगातलं कळतं.

त्यांनी मला बाल्कनीत नेलं, उन्हाकडे तोंड केलं, भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं.

“काम बरं आहे,” ते म्हणाले. “पण बसवलेला ओळखू येतो हो. कडेला फिनिश नीट नाही, मधे ऑरेंज पील आलंय. शेजारचा ओरिजिनल बघा, कसा एकसारखा आहे.” आणि बसवलेला म्हणून त्यांनी बोट टेकवलं, ते अकरा नंबरवर.

“अहो, हा माझा आहे. सातव्या वर्षापासून.”

“असं? मग नवा कुठला?”

“तुम्ही ओरिजिनल म्हणालात तो.”

त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.

“किती पडले?”

मी सांगितलं.

“एका दाताचे?”

“एकाच.”

“मग एवढा खर्च केलाच होतात,” भिंग खिशात ठेवत ते म्हणाले, “तर हा अकरा नंबरही नीट करून घ्यायचा होता.”